‘वेड्यांचा कर्ण’ आणि रेयुनियन बेटावरील स्थलनामे

हिंदी महासागरातील रेयुनियन हे फ्रान्सच्या सत्तेखालील ज्वालामुखीजन्य बेट होय. १९८९ साली तेथे एक पर्वतीय धावशर्यत सुरू झाली. ती ऑक्टोबर महिन्यात होते. दक्षिणेकडील सँ-पिएर येथून निघून उत्तरेकडील सँ-दनी येथे पोहोचावयाचे. अंतर सुमारे १६५ ते १७५ किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे १०,००० मीटर. बेटास तिरके छेदणाऱ्या या मार्गाला ‘दियागोनाल दे फू’, म्हणजे ‘वेड्यांचा कर्ण’, असे म्हणतात. हे नाव फ्रेंच आहे. परंतु ज्या भूमीवरून धावपटू जातात तिची अनेक नावे फ्रेंच नाहीत, आणि प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

पितों दे नेज (३,०७० मीटर) या मृत ज्वालामुखीभोवती सिलाओस, सालाझी व माफात अशी तीन खोल, कड्यांनी वेढलेली खोरी आहेत. ही नावे मालागासी भाषेतून आलेली मानली जातात. मादागास्करहून आणलेले गुलाम किनाऱ्यावरील मळ्यांतून पळून याच डोंगरांत आश्रय घेत.

व्युत्पत्ती पाहू. मालागासीत ‘महाफाती’ म्हणजे प्राणघातक. आघात ‘फा’वर असल्याने आघातहीन ‘ह’ लोपला, अंत्य स्वर क्षीण झाला आणि ‘माफात’ उरले. ‘मारु’ (पुष्कळ) व ‘लाही’ (पुरुष) यांपासून माफातमधील ‘मार्ला’ हे वस्तीचे नाव याच रीतीने सिद्ध होते. ‘सिलाओस’चा ‘जेथून कोणी निघून जात नाही तो ठाव’ हा प्रचलित अर्थ मात्र सावधपणे घ्यावा. त्यातील नकारदर्शक ‘त्सि’ स्पष्ट दिसतो. परंतु उर्वरित घटकांत इतकी सुबक संगती लागते, की लोकव्युत्पत्तीचा संशय पूर्णपणे दूर होत नाही.

या चिकित्सेचे मोल काय? १७२३ च्या राजाज्ञेनुसार पळालेल्या गुलामास पहिल्या खेपेस कान कापणे व डागणे, दुसऱ्या खेपेस गुडघ्यामागील शीर तोडणे आणि तिसऱ्या खेपेस मृत्यू, अशी शिक्षा होती. कायदा लेखी राहिला. पळणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले जवळजवळ काहीच राहिले नाही. गुलामगिरी १८४८ साली रद्द झाली, तरी त्यांनी दिलेली नावे टिकली. माफातमध्ये आजही मोटाररस्ता नाही. तेथे आज जो स्वेच्छेने धावतो, तो ज्यांच्या पायांची शीर तोडली जात असे त्यांच्याच शब्दांतून वाट काढतो. लेखी साधने जेथे एका पक्षाचीच आहेत, तेथे स्थलनाम हेच दुसऱ्या पक्षाचे साक्षीपत्र ठरते. म्हणूनच त्याची उलटतपासणी अधिक काटेकोरपणे झाली पाहिजे.