दोष सेन्सरचा की आणखी कशाचा?

गाडीचा पिकअप मंदावतो, ॲव्हरेज घटते आणि डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, एक कोड उमटतो आणि 'सेन्सर गेला' असे निदान होते. हजारो रुपयांचा नवा सेन्सर बसतो. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. असे का घडते?

पेट्रोल इंजिनात एक ग्रॅम इंधन पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण ईसीयू हा संगणक सेन्सर्सच्या माहितीवरून राखतो. कूलंटचा सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवू लागला, तर तापलेले इंजिनही थंड समजून जादा पेट्रोल सोडले जाते. अशा वेळी दिवा न लागताही ॲव्हरेज घसरू शकते.

याउलट, कोड आला म्हणजे सेन्सर दोषी असतोच असे नाही. 'पी ०१७१' या कोडचा अर्थ एवढाच की मिश्रणात इंधन कमी पडत आहे. ऑक्सिजन सेन्सरने दिलेली ही खबर खरीही असू शकते. मूळ दोष व्हॅक्यूमच्या चिरलेल्या नळीत, अशक्त फ्युएल पंपात किंवा हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मळलेल्या सेन्सरमध्ये असू शकतो.

हा भेद स्कॅनरवरील 'लाइव्ह डेटा'तून बराचसा उलगडतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी कूलंट आणि आत येणारी हवा यांचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. मोठी तफावत असेल, तर त्यांपैकी एक सेन्सर संशयित ठरतो. हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत 'फ्युएल ट्रिम' पाहावा. आयडलिंगला तो खूप वाढलेला असेल आणि अडीच हजार आरपीएमला उतरत असेल, तर हवेची गळती संभवते. वेगाबरोबर तो वाढत गेला, तर इंधनाचा पुरवठा किंवा तो हवेचा सेन्सर तपासावा. कनेक्टरमधील गंज आणि तुटकी वायर यांची तपासणी तर सर्वप्रथम व्हावी.

दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करू शकते.

म्हणूनच नव्या सेन्सरला होकार देण्यापूर्वी वाहनधारकाने एकच प्रश्न विचारावा : जुना सेन्सर बिघडला, हे कोणत्या चाचणीने ठरविले?