जातें कोणाच्या ताब्यांत?

खर्डा हें नांव वाचकांस 1795 च्या लढाईमुळें परिचित असेल. आमच्या येथील घराच्या पडवींत माझ्या आईचें जातें अद्याप आहे. ‘जातें’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’ शब्दापासून आला, आणि ‘यंत्रा’च्या मुळाशीं ‘आवरणें, ताब्यांत ठेवणें’ असा अर्थ आहे. आजवर मी समजत होतों कीं, येथें बाई दगडाला ताब्यांत ठेविते. अलीकडे एका शिल्पाचें वर्णन वाचून ही समजूत डळमळली.

बैरूत येथें 1952 सालीं एका पॅलेस्टिनी कुटुंबांत जन्मलेल्या मोना हातूम या कलावतीनें 2000 सालीं ‘होमबाउंड’, म्हणजे ‘घराशीं जखडलेलें’, अशी कृति सिद्ध केली. स्वयंपाकघरांतील मेज, किसणी, चाळणी, गाद्यांवांचूनच्या खाटा हीं सर्व विजेच्या तारांनीं जोडलेलीं आहेत. भांडीं जागचीं हालत नाहींत. हालतो तो प्रकाश. आंतील दिवे मंदावतात, पुन्हां उजळतात, आणि विजेचा गुणगुणाट मोठा होऊन कानीं येतो. पुढें तारांचें कुंपण. पाहणाऱ्यास आंत शिरतां येत नाहीं.

हें वाचतांना आई आठवली. धाकट्या भावाच्या वेळीं दिवस भरत आले तरी ती पहांटे जात्याशीं बसे. पीठ पुरेल ना, हें सर्वांनीं विचारलें. तुला झेपतें का, हें कोणींहि विचारलें नाहीं. घर तिला अन्नपूर्णा म्हणे, आणि तिच्या शरीराविषयींचा निर्णय इतर माणसें करीत.

आमच्याच जामखेड तालुक्यांत डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें 1970 सालीं कार्य आरंभून खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्याचें शिक्षण दिलें. बाळंतपण, दोन मुलांतील अंतर या गोष्टी बाईनें बाईला समजावून द्याव्या, असा तो क्रम. त्यांस 1979 सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु घरांत बाईला विचारण्याची रीत नसेल, तर असें ज्ञान उंबऱ्यापाशींच थांबतें.

हें मी दुसऱ्यांस सांगावें असा माझा अधिकार नाहीं. नात झाल्यावर ‘दुसरें केव्हां?’ हा प्रश्न सूनबाईला सर्वांआधीं मींच विचारला होता. ती कांहीं न बोलतां ताटें उचलून आंत गेली. तो प्रश्न मीं आतां मागें घेतला आहे, व तसें तिला सांगितलेंहि आहे. वाचकांच्या घरींहि असा एखादा प्रश्न पंगतींत फिरत असेल. तो जिच्या शरीराचा आहे, तिचें मत आधीं ऐकावें, एवढीच विनंति.