पाण्याला कळते ती उंची

बालाघाटाची रांग धाराशिव जिल्ह्यातून जाते आणि पावसाच्या पाण्याची वाटणी करते. माथ्याच्या एका अंगाचे पाणी तेरणेतून मांजरेत आणि पुढे गोदावरीत जाते. दुसऱ्या अंगाचे पाणी बोरी, बाणगंगा आणि सीनेच्या वाटेने भीमेत आणि तिथून कृष्णेत मिळते. नकाशावर ही सीमा ठळक दिसते. जमिनीवर उभे राहिले, की पुष्कळ ठिकाणी ती सापडत नाही. माळ सपाट वाटतो आणि दोन शेतांच्या उंचीतला फरक वीतभरही नसतो. पाणी मात्र तेवढ्यावर दिशा ठरवते. पाण्यासाठी कायम आसुसलेल्या या जिल्ह्यात उंचीची अचूक मोजणी म्हणूनच जगण्याच्या प्रश्नांइतकी निकडीची आहे, असे मी मानतो.

हे ज्ञान इथे जुने आहे. नळदुर्गला बोरी नदीवर, मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारा बांध आहे. त्या बांधाच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात तलाव भरला, की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि त्याच बांधाच्या आतल्या दालनांत माणूस कोरडा उभा राहतो. लोक धबधबा बघायला जातात. मला तिथे सांडव्याच्या माथ्याची पातळी बघत राहावेसे वाटते. ही पातळी थोडी खाली धरली असती तर तलावात साठा कमी झाला असता. वर धरली असती तर पुराचे पाणी नको तिथून वाट काढून गेले असते. दुर्बिणीची लेव्हल नसताना ज्यांनी हे साधले, त्यांच्या हाताशी बहुधा पाणी हेच उपकरण असावे.

पुढे इंग्रजांच्या काळात मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार आला. त्याने महसुली मोजणीचे काम हाती घेतले. अशा मोजणीला क्षेत्र हवे असते: किती एकर, कुणाचे, आकार किती. उंचीशी तिला कर्तव्य नसते. आपली जमिनीची दप्तरे आजही त्याच वळणाची आहेत. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, गट नकाशावर हद्दी असतात, पण शेत शेजारच्या नाल्यापेक्षा किती वर आहे, हे कुठेच लिहिलेले नसते. कागदावरचा जिल्हा आजही सपाट आहे.

उंचीचा हिशेब वेगळ्या खात्याने ठेवला. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि ते उत्तरेकडे नेता नेता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला त्याने देह ठेवला. नंतर सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर लेव्हलिंगच्या रेषा ओढल्या. १९०९ मध्ये नऊ बंदरांची सरासरी समुद्रपातळी शून्य धरून साऱ्या रेषांचा मेळ घातला गेला. त्या नऊंत मुंबईचे अपोलो बंदर होते. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली जी ‘समुद्रसपाटीपासून उंची’ असते, ती याच परंपरेतली. पुढे या साऱ्या जाळ्याची फेरजुळणी होऊन २००९ चा नवा आधार आला. जुनी आणि नवी आकडेवारी एकाच नकाशावर मिसळली, तर कागदावर तरी पाणी उलटे वाहू शकते.

आजच्या मोजणीदाराच्या हातात उपग्रहांवरून जागा सांगणारा रोव्हर आहे. महाराष्ट्रात सर्व्हे ऑफ इंडियाने ७७ कॉर्स केंद्रे उभारली. ही केंद्रे रात्रंदिवस उपग्रहांचे संदेश घेतात आणि त्यांतली चूक रोव्हरला जागच्या जागी कळवतात. मोजणीदार काठी टेकवतो, बुडबुडा मध्यावर आणतो, आणि काही सेकंदांत बांधाचा कोपरा दोन-तीन सेंटीमीटरच्या आत पक्का होतो. पूर्वी साखळी घेऊन ज्याला दिवस जायचा, ते काम तासात होते. भूमिअभिलेख खात्याने हे स्वीकारले, ही मोठी गोष्ट आहे.

उंचीचे मात्र तसे नाही. उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. पृथ्वीच आड येते. म्हणून आडव्या मापापेक्षा उभ्या मापात चूक दीडपट-दुप्पट येते. त्यातच आपल्या अक्षांशावर दुपारनंतर आणि सूर्यास्तानंतर वातावरणाचा विद्युतभारित थर अस्थिर होतो. अनुभवी मोजणीदार महत्त्वाच्या लेव्हल सकाळीच उरकतो, आणि तोच बिंदू काही तासांनी पुन्हा घेऊन ताडून पाहतो. काठीची उंची दोन मीटर असताना यंत्रात एक पॉइंट आठ राहिली, तर सगळे काम वीस सेंटीमीटरने चुकते आणि यंत्र चकार शब्द काढत नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे उपग्रह जी उंची देतो, ती समुद्रसपाटीपासूनची नसतेच. ती एका गणिती आकारापासूनची, एलिप्सॉइडपासूनची असते. समुद्राचे पाणी वारा-भरतीविना शांत धरले आणि कालवे खोदून ते जमिनीखालून धाराशिवपर्यंत आणले, तर ते जिथे स्थिरावेल तो पृष्ठभाग म्हणजे जिऑइड. पाण्याचा संबंध त्याच्याशी. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा पृष्ठभाग एलिप्सॉइडच्या शंभराहून अधिक मीटर खाली जातो. जगातला सर्वांत खोल खळगा तोच, आणि त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. आपल्या भागात हा फरक साठ मीटरहून जास्त आहे. धाराशिव शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास वसलेले. रोव्हरचा कच्चा आकडा मात्र सहाशेच्याही खाली दिसतो.

सगळीकडे एकच आकडा मिळवून भागत नाही, कारण जिऑइड स्वतःच तिरका आहे. किलोमीटरमागे काही सेंटीमीटर बदल झाला तरी दहा किलोमीटरवर तो साठत जातो. कालव्याचा उतार पाच हजारास एक म्हणजे किलोमीटरला वीस सेंटीमीटर. तेवढ्या उतारावर पाणी चालवायचे, आणि मोजणीत तेवढीच चूक, मग पाणी पुढे सरकेल कसे? एव्हरेस्टच्या शिखरावर २०१९ मध्ये नेपाळच्या मोजणीदारांनी उपग्रहाचे यंत्र नेऊन लावले. तरीही लेव्हलिंग आणि गुरुत्वाकर्षणाची मोजणी जोडावी लागली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर झाला. सर्व्हे ऑफ इंडियाने भारतासाठी जिऑइडचे प्रारूप केले आहे. गावपातळीच्या कामात ते वापरायचे आणि जवळच्या दोन-तीन बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणांवर, तपासायचे, हाच खरा मार्ग.

इथे जुनी ऑटो लेव्हलची दुर्बीण आणि स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, पुन्हा कामाला येतात. दुर्बीण दोन स्टाफच्या बरोबर मध्ये ठेवली, की पृथ्वीच्या गोलाईची चूक दोन्हीकडे सारखी येऊन मिटते. एका बाजूला किलोमीटरभर नजर टाकली, तर गोलाई आणि हवेतले वक्रीभवन मिळून सुमारे पावणेसात सेंटीमीटर जातात. निघालेल्या बिंदूवर परत येऊन फेरी बंद करायची आणि फरक किती राहिला ते पाहायचे. काटेकोर कामात दहा किलोमीटरच्या फेरीत चार सेंटीमीटरच्या आत तो बसायला हवा. रोव्हरमुळे हे कष्ट कमी झाले आहेत. पण पाणी चालवायच्या कामात ते टाळणे मला पटत नाही.

बेंचमार्क कुठे ठेवायचा, हा प्रश्न आपल्याकडे विशेष अवघड आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यात पुरलेला दगड ऋतूबरोबर वर-खाली होतो. म्हणून खूण कातळावर हवी, किंवा पाया खडकापर्यंत गेलेल्या बांधकामावर: जुना दगडी पूल, देवळाचा जोता, धरणाचा सांडवा. पुलाच्या कठड्यावर लाल रंगाने आरएल, म्हणजे त्या जागेची उंची, लिहून बाण काढलेला दिसतो, पण रस्ता रुंद झाला की कठडा जातो आणि खूणही जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारीपासून लोहारा-उमरग्यापर्यंत हाहाकार केला. किल्लारीजवळ जमिनीचा पृष्ठभाग फाटलेला दिसला. त्या पट्ट्यातली भूकंपापूर्वीची कुठलीही लेव्हल नव्याने तपासल्याशिवाय धरू नये.

ड्रोनने काम आणखी वेगवान केले. स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली आणि गावठाणांची छायाचित्रे टिपली गेली. पण ड्रोनचा कॅमेरा उसाचा शेंडा बघतो, जमीन नाही. शिवाराची उंची काढायची तर रब्बी उरकल्यावर, रान मोकळे असताना उडावे, किंवा झाडोऱ्यातून खाली पोचणारा लिडार वापरावा. फुकट मिळणारी जागतिक माहिती ढोबळ आराखड्याला चालते. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेल्या उंचींत सोळा मीटरपर्यंतची चूक गृहीत धरलेली होती. तिच्यावर नालाबांधाची जागा ठरवणे म्हणजे शेतकऱ्याच्या मेहनतीशी खेळ.

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात जो पूर आला, त्यानंतर हा विषय पुढे ढकलता येत नाही. आपल्याकडे पूररेषा दोन: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. सीनेकाठच्या सपाट रानात पाचशेला एक असा उतार धरला, तर उंचीतली एक मीटरची चूक रेषा अर्धा किलोमीटर सरकवते. त्या अर्ध्या किलोमीटरात वस्ती असते, गोठे असतात. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने सपाट प्रदेशासाठी पंचवीस सेंटीमीटर अचूकतेचे उंचीचे प्रारूप २०३० पर्यंत करण्याचे ठरवले आहे. नदीकाठचे तालुके त्यात आधी घ्यावेत.

आणि उजनी धरणाचे पाणी. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पात पहिल्या टप्प्याचे ७ टीएमसी पाणी भीमेच्या खोऱ्यातून बोगदे आणि उपसा करून वर आणायचे आहे. सात टीएमसी म्हणजे सुमारे १९.८ कोटी घनमीटर. एवढे पाणी फक्त एक मीटर उचलायला, पंपातली घट सोडून, साधारण ५.४ लाख युनिट वीज लागते. आखणीत कुठे मीटरभर उंची वाया गेली, तर हे बिल दरसाल भरावे लागेल.

भूमिअभिलेखाचा रोव्हर प्रत्येक हद्दीच्या खुणेवर उंचीही टिपतो. क्षेत्राच्या नकाशाला ती लागत नाही, म्हणून तिचा पुढे उपयोग होत नाही. ती बेंचमार्कला बांधून, मोजणीच्या तारखेसह आणि कोणत्या आधारावर घेतली त्या नोंदीसह जपली, तर वेगळा खर्च न करता काही वर्षांत गावागावाचे उंचीचे दप्तर तयार होईल. सुरुवात परंडा आणि भूमपासून करावी, पुढचा पावसाळा येण्याआधी.