अर्जातील ‘आम्ही’ आणि ‘मी’

नाव, जन्मतारीख, शिक्षण आणि गुणांची टक्केवारी लिहिली की नोकरीचा अर्ज पुरा होई, तो काळ मागे पडला. आता अनेक कंपन्यांच्या अर्जांत निराळाच प्रश्न असतो : ‘कठीण प्रसंगी आपण जबाबदारी स्वीकारल्याचे एक उदाहरण द्या.’ जयसिंगपूरसारख्या गावातील पदवीधराची लेखणी नेमकी येथे अडते.

हा प्रश्न कोणाच्या लहरीतून निघालेला नाही. परीक्षेतील गुण व बुद्धिमापनाच्या कसोट्या यांवरून माणसाची कामातील योग्यता पुरेशी कळत नाही, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्ये प्रतिपादन केले. त्या विचारातून ही पद्धत पुढे रूढ होत गेली.

तरुणांपाशी सांगण्याजोगे काही नसते, असे मुळीच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने शिरोळ तालुक्याला वेढले, तेव्हा गावोगावचे तरुण मदतकार्यात उतरले होते. मात्र अर्ज भरताना त्यांच्यातलाच एखादा ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ एवढेच लिहून मोकळा होतो. दहा जणांनी केलेले काम ‘आम्ही केले’ असेच सांगावे, ही घरची शिकवण. ती थोरच आहे. परंतु अर्ज वाचणाऱ्याला त्या ‘आम्ही’मधला एक माणूस निवडायचा असतो. दुसऱ्याचे तयार उत्तर उतरवून काढणे हा तर आत्मघातच. मुलाखतीतील पहिल्याच उपप्रश्नाला ते उघडे पडते.

प्रसंग कोणता, आपल्या वाट्याला काय आले, आपण काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, एवढेच क्रमाने लिहावे. ‘पूरग्रस्तांना मदत केली’ या वाक्याने काहीच कळत नाही. ‘छावणीतील कुटुंबांची यादी मी केली, त्यामुळे शिध्यावाचून कोणी राहिले नाही’ या वाक्याने माणूस कळतो. ही बढाई नव्हे, हा हिशेब आहे. बाजारात व्यापारी मालाची स्तुती ऐकत बसत नाही. नमुना हातावर घेऊन पाहतो.

मात्र नमुना पाहणाऱ्याची दृष्टीही निर्मळ हवी. जयसिंगपूर वसविणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. संधीवाचून कर्तृत्व प्रकट होत नाही, हेच त्यामागील मर्म होय. पहाटे दूध घालून कॉलेज गाठणाऱ्या आणि संध्याकाळी दुकानात हिशेब लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला वक्तृत्वमंडळाचे नेतृत्व कोठून लाभणार? त्याची ही रोजची जबाबदारी नेमणूक करणाऱ्यांनी कर्तृत्व म्हणून मोजली पाहिजे. आणि ती मोजण्याजोगी आहे, हे त्या विद्यार्थ्याला प्रथम त्याच्या शिक्षकांनी सांगितले पाहिजे.