लातूरचं काश्मीर होत नाही

मार्च लागला की मराठवाड्यात फोनवर तोच व्हिडिओ फिरायला लागतो. धुरे, सऱ्या, गाडीवाट सगळं पांढरं. कुणीतरी ओंजळभर गारा कॅमेऱ्यापुढे धरतं आणि खाली मजकूर असतो, 'लातूरचं काश्मीर झालं!' कधी औसा-निलंगा, कधी कंधार-लोहा, तर कधी तो व्हिडिओ मुळात भलत्याच राज्यातला आणि चार वर्षं जुना निघतो. गंमत म्हणून ठीक आहे. पण या काश्मीरच्या कौतुकामागे गारपिटीबद्दलचे काही समज घट्ट बसलेत आणि त्यांची किंमत शेतकरी मोजतो.

पहिला समज हाच, की इथे बर्फ पडला. गुलमर्गला पडतं ते हिम आणि औशात पडते ती गार, यांत गोठलेलं पाणी एवढंच काय ते सारखं. हिम तयार होतं ते ढगातल्या वाफेचे थेट स्फटिक बनून. ते माणसाच्या चालीनं, ताशी पाचेक किलोमीटरनं खाली उतरतं आणि जमिनीपर्यंतची हवा थंड असते म्हणून टिकतं. ताज्या हिमाचा दहा सेंटिमीटरचा थर वितळवला तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी निघतं. बाकी सगळी हवा. गारांचा तेवढाच थर वितळवा, पाच सेंटिमीटरच्या आसपास पाणी निघेल. स्कीइंगवाले ज्या भुसभुशीत पावडरीसाठी गुलमर्ग-औलीला जातात, तिचा इथे मागमूस नाही. निलंग्याच्या रस्त्यावर पसरतात ते बर्फाचे टणक गोळे. दुचाकी त्यावर हमखास घसरते, म्हणून गारा थांबल्या थांबल्या 'बघायला' निघू नये.

मग महाराष्ट्रात बर्फ पडतच नाही का? महाबळेश्वरला वेण्णा लेकवर हिमकण जमल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. ते आकाशातून पडलेलं नसतं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्यानं गमावते, गवताच्या पात्याचं आणि गाड्यांच्या टपाचं तापमान शून्याखाली जातं आणि तिथलं दव तिथेच गोठतं. हिम पडायला गोठणबिंदूची पातळी जवळपास जमिनीवर यावी लागते. मार्चमध्ये मराठवाड्यावर ती चार-साडेचार किलोमीटर उंचीवर असते, आणि राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. हिशेब तिथेच संपतो.

काश्मीरशी आपलं एक नातं मात्र खरं आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयावर हिम टाकतात. ते कमी आले किंवा उशिरा आले की गुलमर्ग कोरडं पडतं. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा हिमाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. असाच एखादा विक्षोभ दक्षिणेकडे खोल उतरला की मध्य भारतावर वरच्या थरांत थंड, कोरडी हवा येते. खाली जमीन तापलेली, आणि अरबी समुद्र नाहीतर बंगालच्या उपसागराकडून बाष्प येतंय. गारपिटीचं सामान जमलं.

यातच दुसऱ्या समजाचं उत्तर आहे: 'गारा थंडीमुळे पडतात.' पडतात त्या उन्हाच्या जोरावर. दुपारी तापलेली दमट हवा उसळून वर जाते, ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो आणि त्याच्या पोटात वर चढणारा वारा गारेला तोलून धरतो. तिथे शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. ते गारेला चिकटतात, गोठतात, गार वाढते. तिचं वजन वाऱ्याला झेपेनासं झालं की ती सुटते. लिंबाएवढी गार ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगानं आदळते. जूनपासून ढगांची गर्दी असूनही गारा क्वचितच पडतात, कारण पावसाळ्यात गोठणपातळी आणखी वर सरकते, वर चढणारा वारा सहसा तेवढा जोरदार नसतो आणि दमट, उबदार हवेतून येताना गार वितळून तिचा थेंब होतो.

शाळेत शिकवलेली एक गोष्टही इथे सोडून द्यायला हवी. गार मधोमध कापली तर कांद्यासारखे थर दिसतात, एक पांढरट, एक पारदर्शक. जितके थर तितक्या वेळा गार ढगात वरखाली झाली, असं सांगितलं जायचं. प्रत्यक्षात एकाच फेरीतही हे थर पडू शकतात. थेंब कमी आणि थंडी जास्त तिथे पाणी झटकन गोठतं, आत हवेचे बुडबुडे अडकतात आणि थर दुधी होतो. पाणी भरपूर तिथे ते सावकाश गोठतं आणि थर काचेसारखा निघतो.

पीक 'गारठ्यानं जळतं' हा समज सर्वांत नुकसानीचा. गारेचा गारवा तास-दोन तासांचा. खरं नुकसान करतो तो मार. अर्धापूर-मुदखेडकडच्या केळीच्या बागेत गारपिटीनंतर फिरलं की हे दिसतं. पानं वाऱ्यानं एरवीही फाटतात, त्यानं केळीचं फार बिघडत नाही. पण गारेनं पानाच्या चिंध्या होतात, मधला दांडा मोडतो आणि घड पोसायला पानच उरत नाही. घडावर गार बसते तिथे आधी फक्त काळपट ठिपका दिसतो. शेतकरी म्हणतो, वाचला घड. आठ-दहा दिवसांत तोच ठिपका कुजायला लागतो, कारण फुटलेल्या सालीतून बुरशी आत गेलेली असते. ज्वारीचं तसंच: ताटं आडवी होतात, कणीस भिजून दाणा काळा पडतो आणि कडबाही हातचा जातो. हरभऱ्याचे घाटे गळून मातीत. नांदेड-हिंगोली पट्ट्यात याच दिवसांत हळद शिजवून उघड्यावर वाळत घातलेली असते. ती भिजली की रंग उतरतो आणि रंग उतरला की भाव. म्हणून गारपिटीनंतरचं पहिलं काम म्हणजे साचलेलं पाणी काढून देणं, मोडका-कुजका भाग वेगळा करणं आणि कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यानं बुरशीनाशक वापरणं. 'थंडी उतरली की पीक सावरेल' म्हणून वाट बघण्यात ते दिवस जातात.

ढगावर तोफ डागून गारा फोडता येतात, असं सांगणारे विक्रेतेही भेटतात. हिमाचलात सफरचंदाच्या बागांसाठी अशा तोफा बसवल्या गेल्या. जागतिक हवामान संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: या तोफांना शास्त्रीय आधार नाही. ढगातच कडाडणाऱ्या विजेचा आवाज तोफेपेक्षा मोठा असतो, त्यानं गार फुटत नाही तर तोफेनं कशी फुटेल? फळबागेला खरोखर वाचवते ती गारपीटरोधक जाळी. ती महाग आहे, आणि ज्वारी-हरभऱ्यावर ती कुणी घालू शकत नाही, हेही खरं.

'पूर्वी असं नव्हतं, हे सगळं हवामान बदलामुळे' यावर माझं मत असं, की तापमानवाढ खरी आहे, पण गारपिटीचं सगळं खापर तिच्यावर फोडायला पुरावा पुरत नाही. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेणारी आयपीसीसीसुद्धा गारांच्या बदलत्या प्रमाणाबद्दल ठामपणे बोलायला तयार नाही. गार एवढ्याशा पट्ट्यात पडते की मोजमापंच अपुरी आहेत. २०१४ ची गारपीट अपवादात्मक होती हे मात्र नक्की. फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ती पुन्हा पुन्हा आली आणि राज्यातल्या २८ जिल्ह्यांना तिनं झोडपलं. रब्बी काढणीला आलेली होती, हा त्यातला घाव.

'हवामान खात्याला काही कळत नाही' हेही अर्धंच खरं. जिल्ह्यात गारपिटीची शक्यता आहे, हे दोन-तीन दिवस आधी यलो किंवा ऑरेंज अलर्टमधून कळतं. कुठल्या शिवारात पडेल हे मात्र आधल्या दिवशी जगात कुणीच सांगू शकत नाही. त्यासाठी शेवटच्या तीन तासांचा तातडीचा इशारा बघावा लागतो. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून कृषी हवामान सल्ला येतो. मार्च-एप्रिलमध्ये काढलेलं पीक झाकायची ताडपत्री कुठे आहे, हे तरी माहीत असावं.

गारा म्हणजे पोरांची मौज, त्यानं माणूस थोडाच मरतो? ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद परिसरात गारांनी २४६ माणसं मारली. एका गारपिटीतले जगातले सर्वाधिक बळी म्हणून जागतिक हवामान संघटनेनं ही नोंद मान्य केली आहे. आपल्याकडे गारांसोबत येणारा वारा आणि वीज जास्त जीव घेतात. एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळात मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंब कोसळून सात जण गेले. झाडाखाली किंवा मोकळ्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका. पक्कं घर गाठा. ते जवळ नसेल तर घमेलं, पोतं, मिळेल त्यानं डोकं झाका.

राहिला पंचनामा. तो झाला म्हणजे विमा मिळणार, असं अजूनही गावोगाव मानलं जातं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक करतात तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो आणि त्यासाठी नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावं लागतं; २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत दर हेक्टरी जिरायतीला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. विम्याचं गणित निराळं. ७२ तासांत कळवलं की काम झालं, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलंय. पण खरीप २०२५ पासून राज्यानं एक रुपयातली पीक विमा योजना बंद करून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर नेली. तेव्हा यंदाच्या हंगामात कोणती जोखीम धरली आहे, ते हप्ता भरतानाच विचारून घ्या. आणि गारा पडल्यावर ओंजळीतल्या गारांचा व्हिडिओ काढण्याआधी पिकाचे फोटो काढा, तारीख-ठिकाणासह. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गारा वितळून गेलेल्या असतात.