मुशीचे ‘आलिंगक’ : एका पारिभाषिक नावाचा विचार

भाईंदरच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेली उत्तन, चौक व पाली ही गावे सन २००२ मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतात. तेथील मासळीत बोंबील व मुशी ही दोन नावे नित्याची होत. पैकी बोंबील हा शब्द पुल्लिंगी व मुशी हा स्त्रीलिंगी. परंतु व्याकरणातील हे लिंग प्राण्याच्या लिंगाविषयी काहीच सांगत नाही. बोंबलांत माद्या असतात, मुशींत नर असतात. नर मुशी तर पाहताक्षणीच ओळखता येते. पोटाखालील मागच्या परांच्या आतल्या कडांस तिला (व्याकरण येथेही ‘तिला’च म्हणावयास लावते) दोन दंडाकृती अवयव असतात. मादीस ते नसतात. हा भेद ॲरिस्टॉटलनेही नोंदविलेला आहे.

या अवयवांचे प्रयोजन दोन्ही माशांच्या प्रजननाची तुलना केल्यास ध्यानी येते. बोंबील हा अस्थिमत्स्य. त्याची अंडी व रेत पाण्यात सोडली जातात व फलन शरीराबाहेर घडते. मुशी हा कूर्चामत्स्य असून तिचे फलन मादीच्या उदरात होते. आपल्या किनाऱ्यावर विपुल आढळणाऱ्या स्कोलिओडॉन या लहान मुशीचे अंडे सुमारे १ मिलिमीटर व्यासाचे, जवळजवळ बलकहीन असते. गर्भाचे पोषण वारेसारख्या रचनेतून होऊन पिले जिवंत जन्मतात. अशा मोजक्या गर्भांसाठी रेत समुद्रात विखरून चालत नाही; ते मादीच्या शरीरात पोहोचविणे अवश्य ठरते.

याच मुशीवर १९२८ साली ई. एम. तिल्लयम्पलम यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला, आणि भारतीय विद्यापीठांतील विच्छेदनवर्गांतही ती चिरपरिचित झाली. नराच्या देहगुहेत दोन लांबट वृषणे असतात. त्यांतील शुक्राणू सूक्ष्म नलिकांतून वेटोळ्या अधिवृषणात, तेथून रेतोवाहिनीत व पुढे रुंदावलेल्या शुक्राशयात येतात. शेवटी हा मार्ग अवस्करात, म्हणजे मल, मूत्र व रेत यांच्या समाईक निर्गमस्थानी, उघडतो.

येथून पुढचे कार्य त्या दंडांचे. प्रत्येक दंडास कूर्चेचा आधार असून त्यावर लांब पन्हळ असते. पोटाच्या कातडीखालील एक स्नायुमय पिशवी या पन्हळीस जोडलेली असते व तीत समुद्राचे पाणी भरते. समागमसमयी नर बहुधा एकच दंड पुढे वळवून मादीच्या अवस्करात घालतो. पिशवी आकुंचन पावते व पाण्याच्या जोराने रेत पन्हळीतून आत लोटले जाते.

इंग्रजीत या अवयवास ‘क्लास्पर’, म्हणजे कवटाळणारा, असे नाव पडले; कारण नर त्यांनी मादीस धरून ठेवतो अशी पूर्वी समजूत होती. काही जातींत दंडाचे टोक मादीच्या मार्गात फुलून अडकते. तेवढ्यापुरते ‘धरणे’ खरे. परंतु मादीस पकडण्याचे काम अनेक जातींत नराचे दात करतात. यास्तव ‘आलिंगक’ हा शब्दशः पर्याय मराठीत योजिला, म्हणजे शब्दासोबत ती जुनी चूकही घरात घेतली जाते. विद्यार्थी आकृतीत बरोबर अवयव दाखवितो आणि कार्य मात्र नावावरून चुकीचे लिहितो.

ही हानी केवळ वर्गापुरती नाही. अल्पवयीन नराचे दंड आखूड व मऊ असतात. वयात आल्यावर कूर्चेत क्षार साठून ते लांब व ताठ होतात. जाळ्यात आलेला नर प्रजननक्षम झाला होता किंवा नाही, हे मत्स्यविज्ञ यावरूनच ठरवितात. दंड हे रेत पोहोचविण्याचे साधन आहे हे ठाऊक असलेल्यासच या ताठपणाचा अर्थ कळतो.

‘संगमदंड’ यासारखे नाव आकार व कार्य दोन्ही सांगेल. मुशीचे स्त्रीलिंग हा भाषेचा संकेत आहे. तो कोणासही फसवीत नाही. पारिभाषिक शब्द मात्र ज्ञान देण्याच्या प्रतिज्ञेने येतो. म्हणून तो परकीय शब्दाकडे पाहून नव्हे, तर वस्तूकडे पाहून घडविला पाहिजे.