मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

मुलगा किंवा लेक अमेरिकेला निघाली की घरी घड्याळाची बेरीज-वजाबाकी सुरू होते. हिशेब जुळला नाही की जीव टांगणीला लागतो. त्या हिशेबात घोळ घालणारे चार गैरसमज दूर करायलाच हवेत.

गैरसमज : नकाशावरची सरळ रेघ हाच सर्वांत जवळचा मार्ग.
वस्तुस्थिती : नकाशा सपाट असतो, पृथ्वी गोल. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून न जाता मध्य आशिया, रशिया, नॉर्वे आणि आइसलंडवरून जातो. हे अंतर भरते सुमारे १२,५०० किलोमीटर. नेहमीच्या नकाशावरच्या सरळ रेघेने गेल्यास जवळपास १,७०० किलोमीटर जास्त पडतील.

गैरसमज : अंतर ठरलेले, म्हणजे वेळही ठरलेला.
वस्तुस्थिती : ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर १४ तास पुरावेत. पण आकाशालाही सीमा आहेत. २०२२मध्ये रशियाने युरोपीय आणि अमेरिकी विमानांना, तर एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो. इंधन आणि तास दोन्ही वाढतात.

गैरसमज : पृथ्वी फिरते म्हणून येताना वेळ कमी लागतो.
वस्तुस्थिती : पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, त्यामुळे विमानाखालून जमीन सरकत जात नाही. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात; हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. जाताना तो वारा समोरून येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून थेट विमानाला जाताना साधारण १५ ते १६ तास लागतात, येताना १४च्या आसपास.

गैरसमज : तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ.
वस्तुस्थिती : दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून रात्री १ वाजता सुटले आणि १६ तास उडाले. न्यूयॉर्कला ते त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरेल. वजाबाकी सांगेल साडेपाच तास! परतीला सकाळी ११ला निघालेले विमान १४ तासांनी, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पोहोचेल. तिकिटावर ते साडेचोवीस तास वाटतील.

म्हणून तिकीट हातात आले की प्रवासाचा एकूण कालावधी लिहिलेला रकाना आधी शोधा. विमान सुटल्याची वेळ घरच्या घड्याळानुसार टिपा आणि तेवढे तास त्यात मिळवा. ती वेळ कागदावर लिहून आई-वडिलांच्या हाती द्या. ‘पोहोचलो’ असा फोन कधी यायचा, हे त्यांना माहीत असले की रात्री त्यांना निवांत झोप लागेल.